बाबांच्या मानेचं माप

रेडीमेड कपड्यांवर माझा राग जुना आहे. सत्तर सालानंतर वसईच्या बाजारात तयार शर्ट टांगलेले दिसायला लागले, तेव्हा मी नुकतंच शिवण शिकून घरी मशीन घेतलं होतं. त्या रागात पोटाचा प्रश्न होता, नाही कशाला म्हणू? पण नुसता पोटाचा नव्हता. कुठल्याच माणसाचे दोन्ही खांदे सारखे नसतात, हे कात्री हातात धरली की पहिल्याच वर्षात कळतं. मला तर ते त्याच्याही आधी कळलं होतं, माझ्या वडिलांच्या मानेमुळे.

बाबा तांडेल होते, म्हणजे होडीचे मुख्य. तरुणपणी डोलकाठीवरून होडीच्या काठावर आपटले आणि मान डावीकडे झुकली ती झुकलीच. लहानपणी मला वाटायचं, बाबा सतत कुणाचं तरी ऐकताहेत. पुढे मी त्यांचे सदरे शिवायला लागले तेव्हा डावा खांदा उतरता कापायचे आणि कॉलरची पट्टी उजवीकडे किंचित वाढवायचे. त्या सदऱ्यात ते सरळ दिसत. लोक म्हणत, तांडेलाची मान बरी झाली वाटतं. मी काही बोलायचे नाही, पण मनातून फुगायचे.

त्या वाकड्या मानेतून आवाज मात्र सरळ निघे. किल्ल्याच्या मागे, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. बाबांनी होडीवरून हाक मारली की किनाऱ्यावरच्या बायका टोपल्या उचलत. आणि मे महिन्यात, पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या सुमाराला, आळीतल्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी प्रार्थना असे. एकानं ओळ गायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा. ओळ गायचा मान बाबांचा होता. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा होता, आणि बाबांइतका उंच सूर पंचक्रोशीत कुणाचा नाही, असं माझी आत्या दर वर्षी जाहीर करायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन आमच्याकडे राहिली, आई गेल्यावर घर तिनंच चालवलं. बाजारात मासे विकणारी बाई. तिचाही गळा काही लहान नव्हता.

ऐंशी सालानंतरच्या एका मे महिन्यात बाबांचा आवाज बसला. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. आत्यानं ओव्याची धुरी दिली, आलं दिलं, हळद-दूध दिलं, बिड्या लपवल्या. प्रार्थनेला बाबांऐवजी दुसऱ्यानं ओळ धरली आणि बाबा मागे भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या तरी घसा काही सुटेना. शेवटी वसईच्या डॉक्टरांनी आरशानं घशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या नावे चिठ्ठी दिली.

तिथे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल. आवाज जाईल.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग कुजबुजल्यासारखं म्हणाले, "मंग दर्यान मी हाक कशी मारू?"

बाबा उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. मी मागून धावले. ऑपरेशन करायचंच नाही, असंच मेलेलं बरं, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं मला वाचता येत होतं. शिवणारणीला पाठी वाचता येतात. जिन्यात मी त्यांचा हात धरला आणि भरल्या इस्पितळात त्यांच्यावर ओरडले, की आवाज तुमचा असेल, पण बाप माझा आहे. बाबा थांबले ते त्या ओरडण्यामुळे की दम लागल्यामुळे, देव जाणे.

तो आरडाओरडा ऐकून खोलीतून दुसरे एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले. ते किरणांचे डॉक्टर. कागद बघून म्हणाले, "गाठ लहान आहे, एकाच स्वरतंतूवर आहे. किरणांनी जाऊ शकते. गेली तर आवाज राहील. नाही गेली तर ऑपरेशन आहेच." बाबांनी फक्त 'आवाज राहील' एवढंच ऐकलं.

या किरणांना तिथे सगळे शेक म्हणत. शनिवार-रविवार सोडून रोज यायचं, काही आठवडे, आणि प्रत्येक वेळी काही मिनिटं मोठ्या यंत्राखाली निजायचं. मला वाटलं, उद्यापासून सुरू होईल. पण उद्या नाही आणि परवाही नाही. पांढऱ्या कोटातल्या एक बाई रोज बाबांना निजवत, मान हलवून बघत, काहीतरी टिपून घेत आणि 'उद्या या' म्हणत. त्या डॉक्टर नव्हत्या. भौतिकशास्त्र शिकलेल्या, किरण कुठून किती सोडायचे याचा हिशेब मांडणाऱ्या. आम्ही त्यांना आपसात मापवाल्या बाई म्हणायला लागलो. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"सगळ्यांना एकच शेक देता ना? मग आमच्यालाच का ताटकळत ठेवलंय?"

त्या माझ्याहून फार मोठ्या नसतील. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळ्यांना एकच द्यायचा असता तर मला कशाला नोकरीवर ठेवलं असतं?"

वर त्यांनी मला आतच बोलावलं. शिशाची एक मऊ पट्टी त्यांनी बाबांच्या मानेभोवती हलक्या हातानं बसवली, तसाच आकार धरून उचलली, आलेखाच्या कागदावर ठेवली आणि आतून पेन्सिल फिरवली. कागदावर बाबांची मान आली. डावीकडे दबलेली, उजवीकडे फुगलेली. मी वर्षानुवर्षं कॉलरसाठी जी मान कापत आले होते, तीच. मी बाईंना सांगितलंही, की याच मानेचे सदरे मी शिवते.

"पुस्तकातली मान सरळ असते," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी सारखा शेक दिला की मधे सारखा पोचतो. यांची मान पुस्तकातली नाही. तसाच दिला तर एक बाजू भाजेल आणि गाठीच्या कडेला कमी पडेल."

एका बाजूनं करपलेलं आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं पापलेट कसं लागतं, हे मला सांगायला नको होतं. राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी दाखवलं, किरणांच्या वाटेत त्या पितळेची पाचर लावणार होत्या, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. जिथं मांस कमी तिथं पाचर जाड, म्हणजे किरण तेवढे अडतील. कुठली पाचर, कुठल्या बाजूनं किती वेळ, हे सगळं त्या पातळ कागदांवर वळणदार रेघा काढून, एकावर एक ठेवून, हातानं बेरजा करून ठरवत होत्या. बाबांनी तो कागद बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. खाडीच्या तोंडाशी पाणी कुठं खोल, कुठं उथळ, हे जाणणाऱ्या माणसाला त्या रेघा परक्या वाटल्या नसाव्यात. त्यांनी सगळ्यात आतल्या रेघेवर बोट ठेवलं. बाईंनी मान हलवली. गाठ तिथेच होती.

मग शेक सुरू झाला. रोज नेमक्या त्याच जागी किरण पडावेत म्हणून बाईंनी बाबांच्या मानेवर जांभळ्या शाईनं खुणा केल्या: दोन बाजूंना दोन, समोर एक. प्रत्येक खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेघा. बजावून सांगितलं, पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल नाही. मी घरी येऊन आत्याला जसंच्या तसं सांगितलं. आत्या म्हणाली, बरं.

पण आत्याला त्या खुणा दिसतच नव्हत्या. तिला दिसत होते क्रूस. तिचा भाऊ मुंबईला गेला आणि गळ्यावर तीन क्रूस घेऊन आला! तिनं ते शेजारी सांगितलं, शेजारणीनं पुढच्या घरात सांगितलं. आणि आमच्याकडे दुखणं कुठलंही असो, क्रुसापुढच्या दिव्यातलं तेल बोटानं दुखऱ्या जागी लावायचं, ही चाल आहे. ताप असो, मुरगळा असो, होडीचं मशीन बंद पडलेलं असो, तेल लागतंच.

रविवारी दुपारी मी शिवणाचे कपडे पोचवायला उमेळ्याला गेले होते. बाबा जेवून निजले होते. परत आले तर आळीतल्या चार म्हाताऱ्या आमच्या ओटीवर बसलेल्या, आत्या मधे, तिच्या हातात तेलाची वाटी, आणि बाबांच्या मानेवर जांभळा राडा. खूण एकही शिल्लक नव्हती.

मी जे घर डोक्यावर घेतलं ते विचारू नका. म्हाताऱ्या एकेक करून सटकल्या. आत्या मात्र जागची हलली नाही.

"इस्पितळवाल्यांनी क्रूस काढले, पन तेल नाय लावला," ती म्हणाली. "अर्धा काम केला. मंग मीच लावला."

"ते क्रूस नाहीत! मापाच्या खुणा आहेत! मी सांगितलं होतं ना तुला?"

"मना नको शिकवू. तुजा बापूस व्हायच्या आधी तो माजा भाव हाय."

ती हे म्हणाली आणि रडायला लागली. तिला कळलं होतं की काहीतरी फार चुकलंय. मीही रडायला लागले, रागानंच. बाबांनी उशीवरून दोन्ही हात वर केले. कुजबुजले, "भांडू नका गो. मना तुमच्यावर ओरडता बी येत नाय आता."

सोमवारी यंत्र चालवणाऱ्या माणसानं बाबांची मान बघितली आणि सरळ नाही म्हणाला. अंदाजानं शेक द्यायचा नसतो. किरणांच्या डॉक्टरांनीही कपाळाला हात लावला. मधे फार दिवस गेले तर गाठीला दम खायला मिळतो, मग दिलेला शेकही फुकट, म्हणाले. म्हणजे पुन्हा तीच ऑपरेशनची गोष्ट, तेच भोक. बाबा बाकावर बसून जमिनीकडे बघत होते. आत्या हट्टानं आमच्याबरोबर आली होती. अख्ख्या बाजाराला तोंड देणारी बाई. त्या बाकाच्या कडेला अशी बसली होती, की बसू का विचारून बसलेली वाटावी.

मापवाल्या बाईंनी सगळी कथा ऐकली. मला वाटलं, आता आमच्या अडाणीपणावर प्रवचन ऐकावं लागणार. त्या हसल्या. आत्याला म्हणाल्या, "मावशी, क्रूस कातडीवर काढायलाच नको होते. यांची मान रोज थोडी वेगळी टेकते, कातडी सरकते. मला आठवडाभर तीच धास्ती होती. आता आपण असं करू, की तुम्ही तेल लावलंत तरी बिघडणार नाही."

इस्पितळात साचे करायची एक खोली होती. डोक्याच्या गाठीच्या रोग्यांसाठी तिथे चेहऱ्यावर बसणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे करत. साचा टेबलाला अडकवला की माणूस हलत नाही, आणि खुणा साच्यावरच करता येतात. बाबांसाठी तो आधीच का केला नाही, तर त्यांची वाकडी मान ठेवायला तिथली एकही उशी चालत नव्हती. सगळ्या सरळ मानेच्या.

"तुम्ही शिवता ना?" बाईंनी मला विचारलं.

मी त्या रात्री काय झोपणार? जाड कॅनव्हास घेतलं, बाबांना जमिनीवर निजवलं, मानेखालची पोकळी हातानं चाचपली आणि एका बाजूला चढती, दुसऱ्या बाजूला उतरती अशी उशी बेतली. आत्यानं कापूस पिंजला. तो असा ठासून भरला की बोटानं दाबली तर दबू नये. माझ्या हातचं आजवर कुणी परत केलं नव्हतं. सकाळी मी ती उशी बाईंच्या टेबलावर ठेवली तेव्हा मला शाबासकीच हवी होती.

त्यांनी बाबांना तीवर निजवलं, वाकून बघितलं. "उजवीकडे अर्धं बोट उंच आहे."

"नाही," मी म्हणाले.

"आहे."

मीही वाकून बघितलं. नाकाला मिरच्या झोंबल्या तरी मला दिसत होतं की त्यांचं बरोबर आहे. मी तिथेच बाकावर बसून टाके उसवले, कापूस काढला, पुन्हा शिवली. आत्या सुईत दोरा ओवून देत होती. या खेपेला बाबांची मान अशी टेकली की त्यांनी डोळेच मिटले. बाई म्हणाल्या, "हं." शाबासकी म्हणून तेवढं पुष्कळ होतं.

मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या बाबांच्या चेहऱ्यावर, मानेवर बसवल्या. नाक मोकळं ठेवलं होतं, तरी बघणाऱ्याचा जीव घुसमटत होता. बाबा दगडासारखे पडून राहिले. वादळात सुकाणू धरून बसलेल्या माणसाला गप्प पडणं शिकवावं लागत नाही. त्या प्लास्टरवरून पुढे प्लॅस्टिकचा साचा ओतीव निघाला. मी तो हातात घेतला. काचेचे बाबाच ते. नाक, हनुवटी, कंठ, आणि डावीकडे झुकलेली ती मान. आजवर त्या मानेला लपवण्याचंच काम मी केलं होतं. इथे ती जशी आहे तशी हवी होती.

बाईंनी साच्यावर खुणा केल्या, बारीक तार चिकटवली आणि एक्स-रे काढला. ओली फिल्म उजेडासमोर धरून त्या आणि किरणांचे डॉक्टर बराच वेळ उभे राहिले. तारेची चौकट बरोब्बर गाठीच्या जागेभोवती बसली होती. इकडे ना तिकडे. बाईंनी मागे वळून मला बोलावलं आणि बोटानं दाखवलं. मला फिल्ममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माप बसल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे मला चांगलं माहीत आहे. मी त्यांना मिठीच मारली. कोटाला माझ्या डोळ्यांतलं काजळ लागलं.

पुढचे आठवडे सोपे गेले असं म्हणणार नाही. घसा आतून सोलवटला. पेजसुद्धा घोट घोट जायची आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. होता नव्हता तो आवाजही गेला. आत्या रोज बोंबलाचा रस्सा करायची आणि बाबांना तिखट चालत नाही हे आठवून स्वतःच संपवायची. कोळीवाड्यात लोक आपसात बोलायला लागले, शेक घेऊन तांडेल मुका झाला. मी ऐकायचे आणि दात-ओठ खायचे. बाबांच्या मानेची कातडी काळवंडली, पण दोन्ही बाजूंना अगदी सारखी. त्या सारखेपणावर माझा जो विश्वास होता, तो मी उघड कुणाला सांगितला नाही. तुम्ही हसला असतात.

शेक संपल्यावर काही आठवडे थांबून तपासणीला बोलावलं. किरणांच्या डॉक्टरांनी बाबांची जीभ फडक्यानं धरली, आरसा आत घातला आणि म्हणाले, "ईऽ म्हणा."

बाबांनी प्रयत्न केला. नुसती हवा आली.

"घाबरू नका. पुन्हा."

आत्या दारात उभी राहून भिंतीकडे बघत होती. समोर बघायची तिची हिंमत नव्हती.

"ईऽऽऽ."

जाड, खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आवाज. डॉक्टरांनी आरसा काढला नाही. पुन्हा म्हणायला लावलं. मग आरसा बाजूला ठेवून म्हणाले, "गाठ गेली. तंतू हलतोय. स्वच्छ आहे."

बाबांनी विचारलं, "मंग आता बोलू?" डॉक्टर म्हणाले, बोललातच की. आत्यानं दारातूनच देवाचे, डॉक्टरांचे, मापवाल्या बाईंचे असे सगळ्यांचे आभार एकाच दमात, एकाच आवाजात मानले. रांगेतले लोक बघायला जमले. त्या दिवशी मला कुणाची लाज वाटली नाही.

तपासण्या पुढे चालूच राहिल्या आणि दर वेळी घसा स्वच्छ निघाला. बाबा दर्यावर जायला लागले. आवाज सावकाश भरत गेला, पण पूर्वीचा तो उंच सूर परतला नाही. आता होता तो खालचा, थोडा जाड. होडीवर तेवढ्यानं भागत होतं. मे महिना जवळ आला तसे बाबा क्रुसाचा विषय टाळायला लागले. आळीतले लोक विचारायला आले तेव्हा म्हणाले, दुसऱ्या कुणालातरी सांगा, माझ्यानं तो सूर निघायचा नाही. आत्या म्हणाली, "ओळ तुजी हाय. बाकीचा आमी बघू." काय बघणार होती ते तिनं सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी क्रुसापुढे सगळी आळी जमली. मेणबत्त्या लागल्या. बाबा पुढे उभे राहिले, मी शिवलेल्या सदऱ्यात. त्यांनी पहिली ओळ धरली ती त्यांच्या नव्या आवाजात, खाली, अगदी खाली. जबाब मात्र सवयीनं जुन्या उंच सुरात गेला, सगळ्यांचा. दोन सुरांत एवढं अंतर पडलं की बाबा दचकले. दुसरी ओळ त्यांनी वर चढवायला बघितली, आवाज फाटला, आणि त्यांनी गप्प होऊन मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बायकांमधून एक आवाज आला. ज्या आत्याचा गळा बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा, ती बाबांच्या त्या पहिल्या ओळीचा जबाब पुन्हा देत होती, एकटीच, पुरुषी वाटावा इतक्या खालच्या सुरात. तिला तो मुळीच झेपत नव्हता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मग शेजारीण खाली उतरली, मग म्हाताऱ्या, मग मागचे पुरुष, आणि थोड्या वेळात अख्खी आळी त्या नव्या सुरावर येऊन थांबली. बाबांनी मान वर केली आणि पुढची ओळ धरली.

आमच्या क्रुसापुढची प्रार्थना पूर्वी बरीच उंच सुरात असे, हे आता फार थोड्यांना आठवतं. बाबांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. आळीतली पोरं अजून त्यांच्याच सुरात गातात.